'काइमाही' म्हणजे कामगार, कर्मचारी की कामकरी?

न्यूझीलंडमधल्या कामगार चळवळीवरचा एक लेख मराठीत आणणाऱ्या एका वाचकाने विचारलं आहे: तिथल्या कामगार महासंघाचं माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, नाव 'ते कौआए काइमाही' आहे. त्याचा शब्दशः अर्थ काय, आणि 'काइमाही'ला मराठीत कामगार म्हणावं का?

'माही' म्हणजे काम. आधी 'काइ' लावलं की ते काम करणारा माणूस होतो. 'तुही' म्हणजे लिहिणे, 'काइतुही' लेखक. 'आको' म्हणजे शिकणे-शिकवणे, 'काइआको' शिक्षक. आपण हेच काम शब्दाच्या शेवटी 'करी' लावून करतो: शेतकरी, कष्टकरी, वारकरी. म्हणून घडणीच्या दृष्टीने काइमाहीचा सख्खा भाऊ 'कामकरी' आहे. हा शब्द आज मागे पडला, पण १९२७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या पक्षाचं नाव 'कामकरी-शेतकरी पक्ष' असंच होतं.

'कामगार'मधला 'गार' फारसीतून आला. त्यात चूक काहीच नाही. अडचण अर्थाची आहे. कामगार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गिरणी, कारखाना, गोदी येते. नर्स किंवा कारकून स्वतःला कर्मचारी म्हणवतात. माओरीत ही भिंत नाही. खाटीकखान्यात मांस कापणाराही काइमाही आणि सरकारी कचेरीत टेबलामागे बसणाराही काइमाही. त्यामुळे संघटनेच्या नावात मी 'कामकरी' घेईन. एखाद्या कचेरीतल्या लोकांविषयी वाक्य असेल तर 'कर्मचारी' चालेल.

आता 'कौआए', म्हणजे जबडा. नावाचा शब्दशः अर्थ झाला 'कामकऱ्यांचा जबडा'. आपल्या कानाला हे विचित्र वाटेल, माओरी कानाला नाही. माओरी कथांमधल्या माउई या वीराला त्याच्या आजीचा, मुरिराङा-फेनुआचा, जबडा मिळाला. त्याचा गळ करून त्याने समुद्रातून एक प्रचंड मासा वर ओढला, तेच आजचं न्यूझीलंडचं उत्तर बेट. वडिलधाऱ्यांकडून आलेलं ज्ञानही माओरी परंपरेत वरचा जबडा आणि खालचा जबडा असं विभागलेलं असतं, आणि स्त्रियांच्या हनुवटीवरच्या मानाच्या गोंदणाला 'मोको कौआए' म्हणतात. आपल्याकडे मुंबईतल्या गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या संघटनेच्या इंग्रजी नावात 'मिल हँड्स', म्हणजे गिरणीतले 'हात' होते. हात आणि जबडा, दोन्ही शरीराचेच भाग, पण पहिला शब्द मालकाच्या हिशेबवहीतून आलेला आहे आणि दुसरा पूर्वजांच्या कथेतून. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. 'जबडा' असं भाषांतर मात्र करू नका. मूळ नाव ठेवा आणि गोष्ट एका ओळीत सांगा.

हा महासंघ १९८७ मध्ये दोन जुन्या संघटना एकत्र येऊन झाला. त्याच वर्षी माओरी भाषेला कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला. त्यामागे १४ सप्टेंबर १९७२ रोजी संसदेला दिलेला, ३० हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज होता. तो पुढे नेणाऱ्या 'ङा तामातोआ' गटातले एक पुढारी सिड जॅक्सन हे कारकुनांच्या युनियनमध्येही काम करत. भाषेची आणि कामाच्या ठिकाणची लढाई तीच माणसं लढत होती. महासंघात माओरी सदस्यांची स्वतंत्र सभा आहे, 'ते रूनाङा ओ ङा काइमाही माओरी ओ आओतेआरोआ'. रूनाङा म्हणजे विचारविनिमयाची सभा, 'ङा' हे अनेकवचन दाखवतं आणि आओतेआरोआ म्हणजे न्यूझीलंड: 'न्यूझीलंडमधल्या माओरी कामकऱ्यांची सभा'.

'ङा' टंकलेखनाची चूक नाही. आपल्याकडे ङ वाङ्मयासारख्या शब्दात मधेच लपलेला असतो, माओरीत तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. रोमन लिपीत त्यासाठी दोन अक्षरं लागतात, देवनागरीत एकच तयार आहे, ते वापरा.

युनियनला माओरीत 'उनिआना' असंही म्हणतात, कारण त्यांचा प्रत्येक शब्द स्वरान्त असतो. एकीसाठी मात्र त्यांचा स्वतःचा शब्द आहे: 'कोताही' म्हणजे एक, त्यावरून 'कोताहिताङा'. हा शब्द लेखात आला तर 'संप' आठवा. गुजरातीत संप म्हणजे आजही एकोपा, आणि मराठीतही या शब्दाचा जुना अर्थ ऐकमत्य असाच आहे. काम बंद ठेवणं हा त्या ऐकमत्याचा परिणाम. आज मात्र वाचक गोंधळेल, तेव्हा 'एकजूट' लिहा.

लेखात २०१५ मध्ये स्थापन झालेल्या 'ए तू' युनियनचा उल्लेख असेल, तर तिथला 'ए' हाक मारण्याचा नाही. छोट्या क्रियापदाची आज्ञा करताना तो आधी लागतो. अर्थ: उभे राहा.