मुक्कामी विमान

प्रिय पोरी,

तुझा मेल रात्री दीड वाजता आला. सोबत तुमच्या तीन विमानांच्या छोट्या कंपनीच्या तिकीटभाड्याची तीन कोष्टकं आणि खाली एकच ओळ, "सर, यातलं कुठलं घेऊ?" सकाळी चहा गार होईपर्यंत तिन्ही पाहत बसलो. सूत्रं बरोबर आहेत, रकाने रंगवलेतही छान. पण रात्री दीडला तू हे करत बसली होतीस याचं वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. तुझा नव्हे. त्या खुर्चीत मला तिशीतला मीच बसलेला दिसला.

मोठ्या कंपनीनं तुमच्या मार्गावर अठ्ठ्याहत्तर जागांचं एटीआर (पंख्याचं छोटं विमान) लावलंय, ते तुमच्या आधी चाळीस मिनिटं सुटतं आणि भाडं हजारानं कमी. तुमचे साहेब म्हणतात, आपणही उतरू. तुला ते पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही.

मी सांगतो. आज तुमचं सरासरी तिकीट ३,२०० रुपये आणि माणसं ४५, म्हणजे फेरीला १,४४,००० रुपये. तिकीट २,२०० केलंत तर तेवढ्याच पैशांसाठी ६६ माणसं लागतात. तुमच्या सत्तर जागांत सहासष्ट, रोज, जाताना आणि येताना. गावात तेवढी माणसं आहेत का? असली, तरी समोरचा आणखी दोनशे उतरवेल. त्याच्याकडे चारशेहून जास्त विमानं आहेत, तुमच्या गावातला तोटा त्याच्या ताळेबंदात शोधूनही सापडायचा नाही. ही तिन्ही कोष्टकं बाजूला ठेव.

आता माझं म्हणणं. फेरी मोडायची नाही.

हसू नकोस. मला माहीत आहे, हे तू माझ्याकडून दहा वेळा ऐकलंयस. अकराव्यांदा ऐक.

माझे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. आमच्या डेपोतून संध्याकाळी एक मुक्कामी गाडी सुटायची. रात्री शेवटच्या गावात थांबायची, चालक-वाहक देवळाच्या ओसरीवर झोपायचे आणि पहाटे सहाला तीच गाडी तालुक्याकडे निघायची. दुधाच्या किटल्या, कॉलेजच्या मुली, कोर्टाची तारीख असलेले म्हातारे, सगळे त्या एका गाडीवर. एखादी गाडी बिघडली की वडील शहरातली फेरी तोडायचे आणि ती गाडी मुक्कामाला पाठवायचे. वरून ओरड व्हायची, कारण शहरातल्या फेरीचं उत्पन्न दुप्पट. ते म्हणायचे, "शहरातल्या माणसाला दहा मिनिटांनी दुसरी गाडी आहे." एवढंच. विमान कंपन्यांच्या धोरणावर मी पुढं बरंच काही ऐकलं, सूट घातलेल्या माणसांकडून, हॉटेलांच्या हॉलमध्ये. यापेक्षा शहाणं काही ऐकलं नाही.

आता तुझं वेळापत्रक बघ. विमान रात्री कुठं झोपतं? मुंबईला. सकाळी मुंबईहून निघून गावात पोचतं साडेनऊला, परत येतं अकराला. गावातल्या माणसाचा मुंबईतला अर्धा दिवस तिथंच गेला. त्याला सकाळी सातला निघून रात्री घरी जेवायला परत यायचं असतं. मोठी कंपनी त्याला हे कधी देणार नाही, कारण तिचं विमान गावात मुक्काम करणार नाही. तिला ते रात्री आणखी दोन ठिकाणी उडवायचं असतं. तुम्ही मुक्काम करा. क्रूला हॉटेल लागेल, रात्री विमानाला पहारा लागेल, तिथं एक इंजिनिअर बसवावा लागेल, टॉवरचे वॉच अवर्स (तो चालू असण्याचे तास) वाढवून घ्यायला विमानतळ प्राधिकरणाच्या दारात खेटे घालावे लागतील. घाला. सकाळच्या फेरीची वेळ ही एकच गोष्ट तुमच्याकडे विकण्यासारखी आहे.

आणि ती वेळ विकायची तर फेरी मोडायची नाही. तीनातलं एक विमान बिघाडामुळे बसलं की तुमची एक तृतीयांश कंपनी बसते. चारशेवाल्याचं एक बसलं तर त्याला पाव टक्का. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोनं एकाच दिवसात हजाराहून जास्त फेऱ्या रद्द केल्या, देशभर विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले. तरी ती कंपनी उभी आहे. तुम्ही एका गावाची फेरी महिन्यात चार वेळा मोडलीत, तर ते गाव पुन्हा रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जायला लागेल आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही. तक्रार करत नाहीत गं ही माणसं. नुसती येत नाहीत.

म्हणून तीन विमानं असतील तर अडीच विमानांचंच वेळापत्रक छाप. दुपारी एक विमान दोन तास रिकामं ठेव. साहेब म्हणतील, विमान जमिनीवर उभं राहिलं की पैसे खातं. खातंच. पण सकाळचा उशीर दुपारी त्या मोकळ्या वेळात जिरला नाही, तर संध्याकाळी तो दीड तासाचा होतो, तोवर गावचा टॉवर बंद झालेला असतो आणि मग सकाळची फेरीही गेली, कारण विमान गावात पोचलंच नाही. मुंबईचा स्लॉटही, म्हणजे तिथं उतरायची-उडायची ठरवून मिळालेली वेळ, असाच हातचा जातो. मिळालेल्या स्लॉटपैकी ऐंशी टक्के वापरले नाहीत तर पुढच्या हंगामात त्यावरचा हक्क सुटतो, आणि मुंबईत सकाळी आठचा स्लॉट सोडणारा माणूस मी तरी पुन्हा तो मिळवताना पाहिलेला नाही.

पावसाचं वेगळं. जिथं उपकरणांच्या आधारानं उतरायची सोय नाही तिथं पाच हजार मीटर दिसलं नाही तर उतरायचं नाही. तो निर्णय कॅप्टनचा, त्यात तू, मी, साहेब कुणी तोंड घालायचं नाही. ढगामुळे परत फिरलेलं विमान लोक माफ करतात. मी बोलतोय ते 'ऑपरेशनल कारणास्तव' या शब्दांबद्दल. बारा माणसं आहेत म्हणून दुपारी चारला गुपचूप मेसेज पाठवायचा, त्याबद्दल. बारा असली तरी उडवायची. बाराही माणसं घरी जाऊन सांगतात की आम्ही बाराच होतो, तरी सोडलं.

तू म्हणशील, सर, तुम्ही स्वतः काय केलंत?

बरं, सांगतो. ज्या कंपनीत मी प्लॅनिंग बघायचो तिचं नाव घेत नाही, गावाचंही नाही, तिथली माणसं अजून ओळख देतात. पन्नास जागांच्या विमानात सकाळी मुंबईला जाणारे चाळीस तरी असायचे, त्यात निम्मे वकील आणि त्यांचे पक्षकार. उच्च न्यायालयात अकराच्या आत उभं राहायचं असायचं. (कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. त्या पट्ट्यातल्या विमानांत सकाळचे किती काळे कोट कमी झाले, हे तुमच्या कुणी मोजलं का? मोजा.) मग एक मोठी कंपनी आमच्या महानगरी मार्गावर उतरली. मी घाबरलो. गावातलं मुक्कामी विमान उचललं, त्या मोठ्या मार्गावर लावलं आणि गावाला दुपारची एक वीसची फेरी दिली. कागदावर ते इतकं सुंदर दिसत होतं! तासाला उत्पन्न वाढत होतं. संचालकांनी टाळ्या वाजवल्या.

गावातल्या आमच्या स्टेशन मॅनेजरनं फोन केला. "साहेब, एक वीसला कोण जातं हो मुंबईला?" मी त्याला आकडे वाचून दाखवले. तो हो म्हणाला. सात महिन्यांनी स्टेशन बंद केलं तेव्हा तिथला वजनकाटा आणि दोन खुर्च्या मुंबईला पाठवताना त्यानं यादी केली होती, स्वच्छ अक्षरात. पुढं वर्षभरात मोठ्या मार्गावरही आम्ही संपलो.

आता मला दोष देणं सोपं आहे. पण विमानांचं भाडं डॉलरमध्ये जात होतं, इंधन महाग, पगार एक महिना मागे. त्या खुर्चीत दुसरा कुणी असता तर त्यानंही तेच केलं असतं. बँकवाले समोर बसलेले असताना वकिलांच्या तारखा कोण मोजतं? असं मी बरीच वर्षं सांगत आलोय. ते खरंही आहे. पण ती गावची फेरी तोट्यात नव्हती, पोरी. आमच्या सगळ्या पसाऱ्यात तोट्यात नसलेली ती एकच होती, आणि मी तीच मोडली.

मी एकटा नाही, म्हणून सांगतो. एअर डेक्कन २००३ साली एटीआर घेऊन निघाली तेव्हा हुबळीसारखी गावं जोडत होती. मग एअरबस आल्या, एक रुपयाची तिकिटं आली, आणि २००८ मध्ये ती किंगफिशरमध्ये विरून गेली. छोटी गावं विमानानं जोडायला अनुदान देणाऱ्या सरकारच्या 'उडान' योजनेचं बघ. कॅगच्या अहवालात आहे, योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, अनुदानाची तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी आणि मार्च २०२३ पर्यंत त्यानंतरही चालू राहिले ५४. तीन वर्षं दुसऱ्या कुणाला त्या मार्गावर येऊ देत नाहीत, जागांमागे पैसे देतात, राज्य इंधनावरचा व्हॅट एक टक्क्यावर आणतं. एवढं असून ५४. कारणं अनेक आहेत, धावपट्ट्याच तयार नव्हत्या हे मोठं कारण. पण जे सुरू होऊन बंद पडले, त्यांतल्या किती जणांनी गावाला सकाळची सवय लागू दिली? त्या तीन वर्षांत सवय लावायची असते. अनुदान घेऊन फेऱ्या मोडत बसलात, तर तीन वर्षांनी तुमच्याकडे फक्त फाइल उरते.

तू विचारलं होतंस, मोठ्या कंपनीची नोकरी आली तर घेऊ का. घे की. पगार चांगला आहे, शिकशील. मला त्यात काही म्हणायचं नाही. पण भाड्यात हरले म्हणून निघाले असं मला सांगू नकोस, कारण तुमची लढाई अजून झालेलीच नाही. तुम्ही त्या मोठ्या कंपनीच्या मैदानात उभं राहून कोष्टकं भरताय.

शुक्रवारपर्यंत नवं वेळापत्रक कर. साहेबांना आधी दाखवू नकोस, मला पाठव. मी त्यात विमान रात्री कुठं झोपतं आणि सकाळी कुठून किती वाजता सुटतं, एवढंच आधी पाहणार आहे. भाड्याचं पान जोडू नकोस.

आणि रात्री झोपत जा.

तुझा,
सर