सुताराच्या खुर्च्या आणि अकरा जर्नलं

प्रश्न : मुलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांची हाडं शेजारी शेजारी दाखवलीत. सारखेपणा आहे म्हणून पूर्वज एक, असं खाली लिहिलंय. पण एकाच सुतारानं केलेल्या खुर्च्यांचे पायही सारखेच असतात, म्हणून त्या काय बहिणी ठरतात? शिवाय आपली गुणसूत्रं 46 आणि चिंपांझीची 48. मग नातं कसं जुळतं?

उत्तर : तुमचा सुतार मला आवडला. खुर्ची, वल्हं आणि पंखा या तिन्हींसाठी तो एकच सांगाडा कशाला वापरेल, एवढं विचारते आणि साम्याचा मुद्दा सोडून देते. नातं शोधायला त्याहून चांगली जागा आहे.

मी तीस वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं. त्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे जर्नलं तपासणं. बरोबर आकृत्या सगळ्यांच्या सारख्याच असतात, त्यावरून कुणी कुणाचं पाहून काढलं ते कळत नाही. एका वर्षी मात्र हृदयाच्या आकृतीत बारा जण चुकले. त्यातल्या अकरा जणांनी फुप्फुसधमनीचा बाण नेमका महाधमनीवर टेकवला होता. शोध घेतला तर सगळ्यांचं मूळ एका सीनियरच्या जर्नलात निघालं. बाराव्याची चूक भलतीच होती. तेव्हापासून मी नातं शोधताना चुका बघते.

तसा एक विचित्र प्रकार तुमच्या गळ्यातही आहे. मेंदूतून निघालेली व्हेगस नस मानेतून उतरताना स्वरयंत्राच्या अगदी शेजारून जाते. स्वरयंत्राचे स्नायू हलवणारी फांदी तिथेच फुटायला हवी, दोन बोटांचं तर अंतर. पण डावीकडची फांदी थेट छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खोबणीतून पुन्हा वर येते. डिसेक्शन हॉलमध्ये मी एकाला ती थायरॉइडच्या मागे चिमट्यात धरायला लावायची आणि दुसऱ्याला कमानीपाशी. खालच्यानं हलकेच ओढलं की वरच्याच्या चिमट्याला हिसका बसायचा. त्याशिवाय मुलांचा विश्वासच बसायचा नाही. जिराफात हाच फेरा काही मीटरांचा होतो, पण मार्ग तोच.

याचा उलगडा माशात होतो. माशाला मान नाही. त्याच्या व्हेगसच्या फांद्या रक्तवाहिन्यांच्या कमानींमागून सरळ कल्ल्यांकडे जातात, त्यात वळसा कसला नाही. आपल्या भ्रूणातही तशाच कमानी तयार होतात आणि ही नस त्यांच्यातल्या शेवटच्या कमानीखालून जाते. पुढे मान लांबते, हृदय छातीत उतरतं, आणि कमानीत अडकलेली नस त्यांच्याबरोबर खाली ओढली जाते. थायरॉइडची शस्त्रक्रिया करताना सर्जन हिला डोळ्यांत तेल घालून जपतात, कारण ती दुखावली तर आवाज बसतो.

गुणसूत्रांचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं पुनःपुन्हा येतात. आपल्या दुसऱ्या गुणसूत्रात मात्र ती आतल्या भागातही सापडतात, झिजलेली आणि दोन टोकं एकमेकांना भिडल्यासारखी समोरासमोर. हे 1991 साली प्रसिद्ध झालं. चिंपांझीत जी गुणसूत्रं वेगवेगळी आहेत, तशी दोन आपल्यात टोकाला टोक लागून जुळली. गुणसूत्राला एकच सेंट्रोमिअर, म्हणजे आवळलेला सांधा, असतो; याच्यावर मात्र दुसऱ्या सेंट्रोमिअरचे अवशेषही आहेत. जोड्या 24 च्या 23 झाल्या, म्हणून 48 चे 46.

आता अस्सल चूक. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व आपल्या यकृतात बनवतात. आपल्याला ते खावं लागतं, नाहीतर स्कर्व्ही होतो. ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीला लागणारं एन्झाइम आपल्याकडे नाही. त्याचं जनुक मात्र आठव्या गुणसूत्रावर आजही पडून आहे, मोडक्या अवस्थेत. चिंपांझी, ओरांगउटान आणि मकाक माकड यांच्यातही ते मोडकंच आहे, आणि एका ठिकाणी तर त्या तिघांत आणि आपल्यात नेमकं तेच एक अक्षर गळलंय. लेमूर या माकडांच्या दूरच्या नातलगात हे जनुक चालू आहे. म्हणजे लेमूरची फांदी वेगळी झाल्यानंतर, आपल्या सामाईक पूर्वजात ते बिघडलं आणि पुढे सगळ्यांकडे बिघडलेलंच आलं. तुमचा सुतार चार खुर्च्यांत एकाच जागी, एकाच कोनात वाकलेला खिळा कशाला ठोकेल?

यावर कुणीतरी हमखास गिनीपिग पुढे करतं, कारण त्यालाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही. त्याचंही जनुक मोडलंय हे खरं, पण मोडतोडीचा नमुना वेगळा आहे. त्याचं आपलं आपण बिघडलंय. गिनीपिग हा माझ्या वर्गातला तो बारावा विद्यार्थी. अकरा जणांना मी जर्नल पुन्हा लिहायला लावलं, त्याला मात्र नुसता बाण खोडायला सांगितलं. चूक निदान त्याची स्वतःची होती.