नातवंडांना घेऊन हॅलोवीनच्या पार्कात जावं का?

प्रश्न : आम्ही दोघं सप्टेंबरअखेर लेकीकडे कॅलिफोर्नियात जातोय. नातू ८ वर्षांचा आहे आणि नात १५ ची. ब्यूना पार्क शहरातल्या ‘नॉट्स बेरी फार्म’ ह्या करमणुकीच्या पार्कात ऑक्टोबरभर हॅलोवीनची धामधूम असते आणि तिथे जायचं घाटतंय. नातीला रात्रीचंच बघायचंय, तर नातू ‘मीपण येणार’ म्हणून हटून बसलाय. ह्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. शिवाय मला कळत नाही, पैसे मोजून घाबरायला कशाला जायचं? – एक आजी

उत्तर : ताई, जरूर जा. फक्त नातवाला दिवसा न्या आणि नातीला रात्री. ह्या दोन वेगळ्या सहली आहेत असं घरात आधीच ठरवून टाका. दिवसाचं तिकीट वेगळं, रात्रीचं वेगळं. संध्याकाळी पार्क दिवसाच्या लोकांसाठी बंद होतं आणि रात्रीच्या गर्दीसाठी पुन्हा उघडतं. मुलांचा दिवसाचा कार्यक्रम म्हणजे ‘स्पूकी फार्म’ आणि रात्रीचा ‘स्केरी फार्म’. नावं इतकी सारखी आहेत की आमच्या जावयांनी पहिल्यांदा चुकीचीच तारीख घेतली होती. १३ वर्षांखालच्या मुलांना रात्री आणू नये, असं पार्कच सांगतं. १५ किंवा त्याहून लहान असेल त्याच्यासोबत २१ वर्षांचं किंवा त्याहून मोठं माणूस लागतं. म्हणजे नात एकटी मैत्रिणींबरोबर जाते म्हणाली तरी तुमच्यापैकी कुणीतरी सोबत हवंच. दोन्ही कार्यक्रम ठरावीक दिवशीच असतात, तेव्हा तारखा आणि त्या वर्षीचे नियम बघूनच तिकिटं काढा.

आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो. माझा नातू तेव्हा ७ वर्षांचा होता. हाडांच्या सापळ्याचा पोशाख घालून सकाळी दहालाच दाराशी तयार! मुलांसाठी तिथल्या ‘घोस्ट टाउन’च्या गल्लीत ठिकठिकाणी गोळ्या-चॉकलेटं वाटतात. हे घोस्ट टाउन म्हणजे भुतांचं गाव नव्हे. खाणी संपल्यावर माणसं सोडून गेली ती ओसाड गावं, त्यांची ही प्रतिकृती. ती उभी राहण्याची गोष्ट नातवाला जरूर सांगा. वॉल्टर नॉट हा मूळचा शेतकरी, रस्त्याकडेला बेरी विकणारा. १९३४ मध्ये त्याच्या बायकोने, कॉर्डेलियाने, लग्नातल्या चिनीमातीच्या बशा काढून चिकनचं जेवण वाढायला सुरुवात केली. ताट ६५ सेंटला. पुढे इतकी रांग लागायला लागली की ताटकळणाऱ्या लोकांना काहीतरी बघायला हवं म्हणून १९४० मध्ये वॉल्टरने हे जुनं गाव उभारायला घेतलं. पार्क त्यातूनच वाढलं. ते जेवणघर आजही आहे. तुम्ही शाकाहारी असाल तर बॉयझनबेरी नावाच्या फळाचं सारण भरलेला ‘पाय’ हा गोड पदार्थ खा. आंबटगोड, जांभळ्या रसाचा. माझ्या नातवाची जीभ संध्याकाळपर्यंत जांभळी होती.

गावातल्या डोंगराच्या पोटातून एक छोटी आगगाडी जाते, ‘कॅलिको माइन राइड’. १९६० पासून चालू आहे. वेग काहीच नाही, पण आत अंधार आणि शेवटी सुरुंगाचा स्फोट. नातू रांगेत अर्ध्यावर आला आणि माझा पदर धरून म्हणाला, ‘आजी, नको.’ आम्ही रांग सोडली आणि सावलीत बाकावर बसून राहिलो. लेक म्हणत होती, ‘अगं, एवढं काही नाहीये त्यात.’ मी म्हटलं, त्याला नको आहे ना, मग नको. त्याने गोळ्यांची पिशवी उलटी केली, रंगाप्रमाणे वेगळ्या लावल्या, परत भरल्या. तासाभराने स्वतःच उठला. ‘आता जाऊया.’ त्या गाडीत मग तो लागोपाठ दोनदा बसला. लाकडी ओंडक्यातून पाण्यात सुळकन उतरायची राइडही त्याने केली. ‘घोस्टरायडर’ हा ११८ फूट उंचीचा लाकडी रोलरकोस्टर मात्र तुमच्या ह्यांनी खालूनच बघावा. राइडच्या दारावरच्या पाटीवर रक्तदाब, हृदय, पाठ यांबद्दल लिहिलेलं असतं. ते नुसतं वाचू नका, माना. आणि निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

दुपारी ऊन चांगलंच तापतं. ऑक्टोबर म्हणजे गारवा असेल असं धरून जाऊ नका. रात्री मात्र स्वेटर लागतो. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा आणि पायात मागून बंद असलेले, सपाट तळाचे बूट. दिवसभरात किती चालणं होतं हे दुसऱ्या दिवशी पोटऱ्या सांगतात.

आता रात्रीचं सांगते, कारण खरं तर मला त्याबद्दलच बोलायचंय. मी तीस वर्षं हौशी नाटकांची रंगभूषा केली. त्यामुळे जावई नातवाला घेऊन घरी गेले आणि लेक, नात आणि मी आत शिरलो, तेव्हा माझं लक्ष भुतांपेक्षा त्यांच्या तोंडाकडे होतं. हा कार्यक्रम १९७३ पासून चालू आहे. तेच गाव, ज्या बाकावर आम्ही गोळ्या मोजल्या होत्या तोच बाक. पण आता सगळीकडे गुडघ्यापर्यंत दाट धूर, आणि दिवे फक्त कंदिलांइतके. एका लाकडी व्हरांड्याच्या खांबाला टेकून एक म्हातारं भूत उभं होतं. मी थेट समोर जाऊन उभी राहिले. गालावरची जखम लेटेक्सची, म्हणजे रबरासारख्या पदार्थाची होती, पण तिची कड कुठे संपते आणि कातडी कुठे सुरू होते ते हातभर अंतरावरून कळेना. कडेला जांभळा, मग हिरवट, मग पिवळा. जुना मार जसा उतरत जातो तसे थर दिलेले. मान रंगवली होती. कानांच्या मागची बाजूसुद्धा रंगवली होती. आमच्याकडे घाईत कान हमखास राहून जायचे आणि मी पहिल्या रांगेत बसून हळहळायची. त्या कलाकाराने एक शब्द काढला नाही, सोंग सोडलं नाही. फक्त मान कलती करून बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि हळूच झुकला. माझ्या अंगावर काटा आला तो भीतीने नव्हे.

तेवढ्यात मागून जमिनीवर काहीतरी खरवडत आलं. अशा घसरत येणाऱ्या कलाकारांना तिथे ‘स्लायडर’ म्हणतात. गुडघ्यांवर धातूचे पत्रे बसवलेली ढोपरबंदं, हातमोज्यांनाही धातू. धावत येतात आणि गुडघ्यांवर घसरत थेट तुमच्या पायाशी. फरशीवरून ठिणग्या उडतात. ही करामत ह्याच पार्कात जन्मली आणि मग इतरत्र गेली. नात किंचाळून माझ्या पाठीमागे लपली, आणि पुढच्याच क्षणी खदखदून हसली. तुम्ही विचारता ना, पैसे मोजून का घाबरायचं? ते मला तिथे दिसलं. धोका खरा नाही हे मनाला माहीत असतं, पण छाती धडधडतेच. मग सुटका झाली की हसू फुटतं. प्रत्येक ‘मेझ’च्या, म्हणजे आतून चालत जायच्या भुताच्या घराच्या, बाहेरच्या दाराशी उभं राहून बघा, लोक बाहेर पडतात ते हसतच, आणि अनोळखी माणसं एकमेकांशी बोलत असतात. कोकणात शिमग्याला संकासुर येतो तेव्हा पोरं त्याला भिऊन पळतात आणि पुन्हा त्याच्याच मागे धावतात, तीच ही गोष्ट.

मेझ म्हटलं तरी आत वाट एकच असते, चुकायची भीती नाही. रांगेने चालत जायचं. कलाकार तुमच्या अंगाला हात लावत नाहीत, आपणही लावायचा नाही. आत एक युक्ती सगळीकडे दिसेल: डावीकडे काहीतरी भयंकर मांडलेलं असतं, तुम्ही तिकडे बघता आणि जिवंत माणूस उजवीकडून येतो. नाटकात आम्ही याला नजर बांधणं म्हणायचो. ज्याला कमी घाबरायचंय त्याने मांडलेल्या देखाव्याच्या उलट्या बाजूला बघत चालावं. लखलखणारे दिवे आणि धूर भरपूर असतो, त्यामुळे फेफऱ्याचा किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मेझमध्ये जाऊच नये. तुमच्या ह्यांना रात्री नेऊ नका, मला ते पटत नाही. नातवासोबत घरी त्यांची सोबत होईल. आणि रात्री मोठ्यांनी सोंग घेऊन जायचं नाही, वेश-मुखवटे चालत नाहीत.

अंधाऱ्या, बंदिस्त जागांची धास्ती वाटत असेल तर तीही रास्त आहे. १९८४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका पार्कात भुताच्या वाड्याला आग लागून आठ तरुण मुलं गेली. त्यानंतर अमेरिकेत अशा जागांचे नियम कडक झाले. पाण्याचे फवारे आणि धूर ओळखणारी यंत्रं आली. धोका कळताच आतला गोंगाट थांबून दिवे आपोआप लागावेत अशी सोय आली. तरी मी आत शिरताना बाहेर पडायची दारं बघून ठेवते आणि नातीलाही ती सवय लावली आहे.

जवळच ॲनाहाइमला डिस्नेलँड आहे. तिथल्या ‘हाँटेड मॅन्शन’मध्ये नाचणारी पारदर्शक भुतं नातवाला नक्की दाखवा. १८६० च्या दशकात लंडनच्या रंगमंचावर गाजलेली ‘पेपर्स घोस्ट’ नावाची काचेची युक्ती आहे ती. तिरकी ठेवलेली मोठी काच, प्रेक्षकांना न दिसणारा उजळलेला देखावा आणि त्याचं काचेत पडलेलं प्रतिबिंब. घरी खिडकीची काच आणि टॉर्च घेऊन करून दाखवता येते.

प्रश्न : आम्ही परदेशात राहतो. गेल्या ऑक्टोबरात एका पार्कातल्या भुताच्या घरात मुलाला नेलं होतं. तो ७ वर्षांचा आहे. अर्ध्यावर तो ‘परत जाऊया’ म्हणून रडला, पण ह्यांनी हात धरून शेवटपर्यंत नेलं. तेव्हापासून तो रात्री दिवा मालवू देत नाही. हे म्हणतात, यंदा पुन्हा नेऊ, म्हणजे भीती मोडेल. – एक आई

उत्तर : नेऊ नका. कृपा करून नेऊ नका. त्याला भुताची भीती बसली आहे तेवढीच आपण ‘नको’ म्हटलं तरी कुणी ऐकत नाही याचीही बसली आहे. आणि हात धरणारे बाबाच होते. सात वर्षांच्या मुलाला ‘हे खोटं आहे’ हे समजतं, पण अंधारात ते आठवत नाही. दिवा राहू द्या. बाबांनी एकदा त्याच्याजवळ बसून साध्या शब्दांत सांगावं, ‘तू परत जाऊया म्हणालास तेव्हा मी ऐकायला हवं होतं.’ पुढे काही जोडू नये, ‘पण’सुद्धा नको. झोप आणि शाळा दोन्हींवर परिणाम होत असेल तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका.

आणि एक काम माझ्या धंद्यातलं. रविवारी भर उजेडात बाबांना खुर्चीत बसवा आणि मुलाच्या हातात रंग द्या. भूत त्याने बनवायचं. आधी अर्धाच चेहरा रंगवायला सांगा, म्हणजे उरलेल्या अर्ध्यात बाबा दिसत राहतील. तो ‘बस’ म्हणाला की बाबांनी तिथेच थांबायचं, भुताचा आवाज काढायचा नाही. रंग लावण्यापूर्वी चेहऱ्यावर खोबरेल चोळा आणि डोळ्यांच्या कडा सोडा. शेवटी कापूस त्याच्याच हातात द्या, पुसू दे त्यालाच.