सुरबायातल्या त्या बायका कोणाच्या बाजूच्या?

प्रश्न : माझे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये त्यांची पलटण जावा बेटावर सुरबायाला उतरली. तिथे ट्रकमधून नेलेल्या बायकामुलांबद्दल ते म्हणायचे, 'नावं गोऱ्यांची, रंग आपल्यासारखा.' ही माणसं कोण? जपान्यांच्या बाजूची की डचांच्या?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : ती 'इंडो' माणसं असणार. बाप-आजा डच, आई-आजी जावानीज. मी द हेगला अकरा वर्षं राहिले. खालच्या मजल्यावर सुरबायात जन्मलेल्या एक इंडो बाई होत्या. केळीच्या पानात गुंडाळलेला भात, लेंपर, घेऊन दुपारच्या वर यायच्या आणि बोलत बसायच्या. त्यांच्याच घरचं सांगते.

जावा तेव्हा डचांची वसाहत होती. मार्च १९४२ मध्ये तिथल्या डच सैन्याने जपान्यांपुढे शरणागती पत्करली. बाईंचे वडील त्याच सैन्यात. ते युद्धकैदी झाले आणि पुढे जपान्यांच्या ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर राबायला गेले. मागे राहिलेल्यांकडे जपान्यांनी वंशावळ मागितली. 'असाल-उसुल' म्हणत तिला : मूळ कुठलं, कूळ कुठलं. निव्वळ डच असाल तर कैदेची छावणी. जावानीज पूर्वज दाखवता आला, तर जावात बहुतेकांना बाहेर राहता येई.

बाईंची जावानीज पणजी एका डच माणसाच्या घरात राहिली, पण त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. अशा बाईला 'न्याई' म्हणायचे. बापाने नाव दिलं की मुलं कायद्याने युरोपीय होत, आईचा त्यांच्यावर हक्क उरत नसे. या पणजीचा फोटो दर्शनी खोलीत कधी लागला नाही. १९४२ साली बाईंच्या आईने तो ट्रंकेच्या तळातून काढला, जुने कागद उचकले आणि पणजीचं ते एकाच शब्दाचं नाव घेऊन कचेरीपुढे रांगेत उभी राहिली. इथवर आलं की बाईंचा आवाज दर वेळी बसायचा. घराने जिला लपवलं, तिच्या नावावर चार पोरं छावणीबाहेर राहिली.

बाहेर म्हणजे सुखात नव्हे. डच बोलायला बंदी, शाळा बंद, पगार बंद. आई घरातल्या चादरी विकून तांदूळ आणायची. मामी मात्र हॉलंडात जन्मलेली, ती छावणीत. रात्री कुंपणाच्या बांबूच्या तट्ट्याखालून आई तिला अंडी सरकवायची. सापडली असती तर मार ठरलेला होता.

जपान हरला, १७ ऑगस्ट १९४५ ला इंडोनेशियाचं (जावा त्यातलंच) स्वातंत्र्य जाहीर झालं आणि हीच माणसं रस्त्यावरच्या तरुणांना डच दिसू लागली. पुढच्या महिन्यांत हजारो मारले गेले. ऑक्टोबरअखेर बायकामुलांच्या ट्रकवर हल्ला झाला, तेव्हा रक्षणाला मराठा शिपाई होते. समोरचे तरुण आपल्यासारखंच स्वातंत्र्य मागत होते. ब्रिटिशांनी हिंदी सैन्य तिथे वापरायला नेहरूंनी उघड विरोध केला होता. तुमच्या आजोबांच्या मनातही कालवाकालव झाली असेल, असं मला फार वाटतं.

डिसेंबर १९४९ मध्ये डचांनी सत्ता इंडोनेशियाकडे सोपवली. इंडोनेशियाचं नागरिकत्व घ्यायचं की डच राहायचं, हे ठरवायला दोन वर्षं मिळाली. बाईंची आई मुलांना घेऊन बोटीत चढली, तिची थोरली बहीण सुरबायातच राहिली. पणजीचा फोटो कोणी ठेवायचा, यावरून दोघी बहिणी हमरीतुमरीवर आल्या. शेवटी फोटोवाल्याकडून दुसरी प्रत काढून घेतली. द हेगमधल्या घरात ती दर्शनी खोलीत लावलेली मी रोज पाहत असे.