मधल्या फळीत थांबावं की उडी मारावी?

फॉर्म्युला वनबद्दल या वेळी आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनी विचारला गेला आहे : मधल्या फळीतल्या, म्हणजे गुणतक्त्याच्या मध्यावरच्या संघातल्या चालकानं तिथेच थांबावं की वरच्या संघात उडी मारावी? त्यातले पाच निवडले. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीचे बरेचसे त्यातूनच निघतात.

प्रश्न : समजा, तेवीस वर्षांचा चालक आहे. दोन हंगाम सहाव्या-सातव्या क्रमांकाच्या संघात काढलेत, गुणही नियमित मिळतात. अशात वरच्या संघात जागा रिकामी झाली. त्यानं डोळे मिटून जावं ना? यात विचार कसला करायचा?

डोळे उघडे ठेवून जावं, एवढं तरी नक्की. करारावर सही होते ती साधारण चालू हंगामाच्या उत्तरार्धात आणि गाडी दिसते ती पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. म्हणजे चालक सही करतो ती गेल्या वर्षीच्या गाडीकडे बघून, चालवतो मात्र अजून कागदावर असलेली.

२०१२ चा उत्तरार्ध आठवा. सर्जिओ पेरेझनं सॉबर संघात त्या वर्षी तीनदा पोडियम, म्हणजे पहिल्या तिनांतला क्रमांक, मिळवलं होतं. मॅकलारेनमधून लुईस हॅमिल्टन बाहेर पडला आणि ती जागा पेरेझला मिळाली. मॅकलारेननं त्या हंगामातल्या शेवटच्या दोन्ही शर्यती जिंकल्या होत्या, त्यामुळे कुणालाही हेवा वाटावा अशीच ती जागा. पण २०१३ ची नवी गाडी फसली. मॅकलारेनला वर्षभरात एकही पोडियम मिळालं नाही आणि पेरेझला एकाच हंगामात नारळ मिळाला. हॅमिल्टन गेला तो मर्सिडीजकडे. हा संघ २०१२ ला पाचवा होता, वर्षभरात एकच शर्यत जिंकलेला. पण २०१४ पासून हायब्रिड इंजिनांचे नियम येणार हे ठरलेलं होतं आणि मर्सिडीज स्वतःचं इंजिन स्वतःच बनवत होती. २०१४ च्या १९ पैकी १६ शर्यती मर्सिडीजनं जिंकल्या. एकाच खेळीतल्या या दोन उड्या. एकानं गुणतक्त्याकडे बघून मारली, दुसऱ्यानं नियमपुस्तकाकडे बघून.

दुसरी बाब त्या रिकाम्या जागेच्या शेजारी कोण बसतं याची. अव्वल चालक वर्षानुवर्षं ज्या संघात असतो, तिथे गाडीची घडण हळूहळू त्याच्या हाताला जुळत जाते. रेड बुलमध्ये मॅक्स वेर्स्टापेनशेजारची जागा हे याचं सगळ्यात ठळक उदाहरण. पिएर गॅस्ली २०१९ मध्ये बारा शर्यतींनंतर खाली पाठवला गेला, अ‍ॅलेक्स आल्बन दीड हंगाम टिकला आणि २०२५ मध्ये लिअम लॉसनला तर दोनच शर्यती मिळाल्या. हे चालक कच्चे होते म्हणावं, तर गॅस्लीनं २०२० मध्ये त्याच समूहाच्या छोट्या संघातून मोंझाची शर्यत जिंकून दाखवली. अडचण गाडीच्या स्वभावात होती. पुढची चाकं वळणात झटकन चावा घेतात, मागची बाजू सैल राहते. ज्याला ती सैल बाजू सावरता येते, त्याला वळणाच्या तोंडाशीच वेळ मिळतो. ज्याचा तिच्यावर विश्वास बसत नाही तो थोडा आधी ब्रेक दाबतो आणि थ्रॉटल थोडा उशिरा उघडतो. टायर हवे तितके तापत नाहीत, पकड आणखी कमी होते आणि विश्वास आणखी ढळतो. हे चक्र पाच-सहा शर्यतींत माणसाला संपवतं, आणि तेवढ्या अवधीत गाडी बदलून देणं कुठल्याही संघाला जमत नाही.

म्हणून आमचं मत असं : जायचं असेल तर किमान दोन हंगामांची पक्की जागा मिळवून जावं आणि सही करण्याआधी त्या संघाच्या सिम्युलेटरवर दिवसभर बसून गाडीचा स्वभाव पाहावा. जुना संघ करारामुळे तशी परवानगी देईलच असं नाही. मग निदान त्या जागेवर आधी बसून गेलेल्यांच्या ऑनबोर्ड (गाडीवरच्या कॅमेऱ्याच्या) फितींमध्ये वळणाच्या तोंडाशी स्टिअरिंग किती वेळा उलटं फिरवावं लागतं ते मोजावं. एका वर्षाची जागा आणि शेजारी सर्वकाळचा मातब्बर, असा प्रस्ताव असेल तर मधल्या फळीतलं तिसरं वर्ष जास्त मोलाचं.

आणि उडी नेहमी वरच्या दिशेनंच मारावी लागते असंही नाही. कार्लोस साइन्झ २०१८ च्या शेवटी चौथ्या आलेल्या रेनोमधून सहाव्या आलेल्या मॅकलारेनमध्ये गेला. गुणतक्त्यात ही उतरण दिसते. पण मॅकलारेन पुढच्या दोन वर्षांत चौथी आणि मग तिसरी आली, आणि तिथूनच साइन्झ फेरारीत पोचला.

प्रश्न : चालक चांगला की गाडी चांगली, हे घरबसल्या कसं ओळखायचं? गुण बघून काहीच कळत नाही.

गुण बघूच नका. मधल्या फळीत आठवा आणि बारावा यांच्यात बरेचदा सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालायला लावणारी गाडी) कधी आली एवढाच फरक असतो. सहकाऱ्याशी तुलना करा, कारण दोघांची गाडी एकच. पण ती नीट करायला हवी.

आधी शनिवारची पात्रता फेरी घ्या, म्हणजे शर्यतीत सुटण्याचा क्रम ठरवणारी, तीन टप्प्यांची. दोघंही ज्या शेवटच्या टप्प्यात धावले त्याच टप्प्यातली वेळ धरा. एक जण दुसऱ्या टप्प्यात बाद झाला आणि दुसरा तिसऱ्यात गेला, तर तिसऱ्यातली वेळ वापरायची नाही, कारण ट्रॅकवर रबर बसत जातं तसतशा वेळा कमी होतात. पिवळ्या झेंड्यानं किंवा रद्द झालेल्या लॅपमुळे बिघडलेल्या फेऱ्या वगळा. नवे भाग एकाच गाडीवर बसवले असतील तर तो आठवडाही वगळा. फरक सेकंदांत न मांडता टक्क्यांत मांडा. मोनॅकोचा लॅप सव्वा मिनिटाच्याही आतला, स्पाचा पावणेदोन मिनिटांच्या आसपास, तिथले दोन दशांश सेकंद सारखे कसे असतील? शेवटी सरासरीऐवजी सगळे फरक ओळीनं लावून मधला घ्या, म्हणजे एखादा फसलेला शनिवार सगळं चित्र बिघडवत नाही. दहा-बारा शर्यतींनंतर मधला फरक ०.१ टक्क्याच्या आत असेल तर दोघं बरोबरीचे समजा. ८० सेकंदांच्या लॅपमध्ये हा फरक ०.०८ सेकंद होतो. सातत्यानं ०.३ टक्के असेल, म्हणजे जवळपास पाव सेकंद, तर संघाबाहेरची माणसंही तो बघत असतात.

शर्यतीतला वेग काढणं जास्त किचकट. पहिले दोन-तीन लॅप, टायर बदलायला पिटमध्ये जाण्या-येण्याचे आणि सेफ्टी कारमागचे लॅप काढून टाका. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांच्या आत असलेले लॅपही काढा. पुढच्या गाडीनं खवळवलेल्या हवेत गाडी घसरते, टायर तापतात, आणि त्यात चालकाचा दोष नसतो. मग टायरचं रबर सारखं आणि त्याचं वयही सारखं असलेले लॅप समोरासमोर ठेवा. इंधनाचा हिशेब लोक विसरतात. २०२५ पर्यंतच्या गाड्या सुमारे १०० किलो इंधन घेऊन सुटत आणि दर किलोमागे लॅपला ढोबळमानानं ०.०३ सेकंद जात. ६० लॅपच्या शर्यतीत दर लॅपला दीडेक किलो जळतं, म्हणजे गाडी आपसूकच दर लॅपला ०.०५ सेकंद हलकी-वेगवान होत असते. कुणाच्या वेळा वीस लॅप एकसारख्या दिसल्या तर टायर तेवढेच झिजताहेत असा त्याचा अर्थ. तेवढ्याच जुन्या रबरावर सहकाऱ्याच्या वेळा चढत असतील आणि याच्या सपाट राहत असतील, तर रबर सांभाळायचं कसब याच्याकडे आहे.

प्रश्न : मधल्या फळीतला संघ चार-पाच वर्षांचा करार पुढे करतो. सुरक्षित वाटतो. घ्यावा का?

लांबीपेक्षा कलमं वाचा. पाच वर्षांच्या करारात बाहेर पडायचं दार असेल तर तो दोन वर्षांच्या बंद करारापेक्षा बरा.

पहिलं बघायचं ते कामगिरीचं कलम कशावर बेतलंय. चालकाच्या गुणांवर बेतलेलं कलम घेऊ नये. दोनदा इंजिन फुटलं की गुण जातात, आणि संघच तुम्हाला 'अट पाळली नाही' म्हणू शकतो. बांधणी-संघांच्या गुणतक्त्यातल्या क्रमांकावर बेतलेलं कलम जास्त स्वच्छ : अमुक शर्यतीनंतर संघ अमुक क्रमांकाच्या खाली असेल तर चालक मोकळा. दुसरं म्हणजे ती 'अमुक शर्यत' कोणती. ऑगस्टच्या सुट्टीनंतरची तारीख घातली तर कलम कागदावर राहतं, कारण तोवर बाहेरच्या जागा भरून गेलेल्या असतात. तिसरं, वाढीव वर्षाचा पर्याय कुणाच्या हातात आहे. संघाच्या एकट्याच्या हातात असेल, तर त्याला करार म्हणण्यापेक्षा दावण म्हटलेलं बरं.

मोघम कागद ठेवला की काय होतं ते २०२२ मध्ये दिसलं. अल्पाइननं २ ऑगस्टला ऑस्कर पियास्त्री पुढच्या वर्षी आपल्याकडून धावेल असं जाहीर केलं. त्याच दिवशी त्यानं जाहीरपणे नकार दिला. प्रकरण करार मान्यता मंडळाकडे गेलं. हे मंडळ एकाच चालकावर दोन संघांनी हक्क सांगितला तर निवाडा करतं. मॅकलारेनशी ४ जुलैला झालेला करारच ग्राह्य, असा निकाल सप्टेंबरच्या सुरुवातीला लागला. जेन्सन बटननं तर दोन्ही टोकं अनुभवली. २००४ मध्ये त्याला बार (बीएआर) संघ सोडून विल्यम्सकडे जायचं होतं, मंडळानं त्याला बारमध्येच ठेवलं. पुढच्या वर्षी विल्यम्सचा करार उभा राहिला तेव्हा त्याला बारमध्येच राहायचं होतं, आणि त्यासाठी विल्यम्सला पैसे मोजून सुटका करून घ्यावी लागली.

प्रश्न : गुणतक्त्यात खाली असलेल्या संघाला विंड टनेलमध्ये, म्हणजे हवेच्या झोतात गाडीची प्रतिकृती तपासायच्या बोगद्यात, जास्त वेळ मिळतो म्हणे. मग मधल्या फळीतला संघ आपोआप वर येईल, थांबलेलं बरं. बरोबर?

आपोआप नाही. चाचण्या वाटून देणाऱ्या २०२२ पासूनच्या पट्टीत पहिल्या क्रमांकाला ७० टक्के, मग प्रत्येक पायरीला ५ टक्के वाढत सातव्याला १०० आणि दहाव्याला ११५ टक्के. शंभर टक्के म्हणजे साधारण आठ आठवड्यांच्या एका टप्प्यात ३२० चाचण्या. विजेत्याला त्यातल्या २२४, पाचव्याला २८८. हा फरक खराच आहे, पण टनेलमधले आकडे ट्रॅकवर तसेच उतरले तरच त्याचा उपयोग. उतरले नाहीत तर चुकीच्या दिशेनं ६४ चाचण्या जास्त केल्या, इतकंच.

म्हणून थांबायचं की नाही हे ठरवताना एकच खूण बघा : संघानं आणलेले नवे भाग पहिल्याच आठवड्यात चालतात का, की दोन शर्यतींनंतर गुपचूप जुने भाग परत बसवले जातात? २०२३ च्या सुरुवातीला मॅकलारेन तळाशी होती. ऑस्ट्रियात मोठे बदल आणले, ते लगेच चालले, आणि पुढच्याच शर्यतीत, सिल्व्हरस्टोनला, लँडो नॉरिस दुसरा आला. त्याच वर्षी त्यांचा स्वतःचा विंड टनेल सुरू झाला. त्याआधी चाचण्यांसाठी जर्मनीतल्या कोलोनला जावं लागे. नॉरिसनं करार वाढवत नेला, पहिला विजय ११० व्या शर्यतीत, २०२४ च्या मायामीत मिळवला आणि २०२५ चं विजेतेपद जिंकलं. तो नुसता चिवटपणानं थांबला नव्हता, संघात काय बदलतंय ते त्याला आतून दिसत होतं.

प्रश्न : पण फार काळ थांबलं तर लोक विसरत नाहीत का? हुल्केनबर्गचं बघा.

निको हुल्केनबर्गला पहिलं पोडियम २०२५ मध्ये सिल्व्हरस्टोनला मिळालं, २३९ व्या शर्यतीत, एकोणिसाव्या जागेवरून सुटून. त्याला कुणी विसरलं नव्हतं. वरच्या जागा ज्या वेळी रिकाम्या झाल्या त्या वेळी त्या दुसऱ्याला गेल्या. धोका खरा आहे, पण विस्मरणाचा नव्हे, तारखा न जुळण्याचा. तुमचा करार आणि वरच्या दोन-तीन संघांतले करार एकाच वर्षी संपतील, असं बघायचं.

थांबलेला चालक दिसतच राहतो. जॉर्ज रसेल विल्यम्समध्ये तीन हंगाम होता आणि त्या संघासाठी पहिले गुण त्याला तिसऱ्या वर्षी, २०२१ च्या हंगेरीत मिळाले. त्याआधी २०२० मध्ये हॅमिल्टन आजारी पडल्यावर साखिरच्या शर्यतीला त्याला मर्सिडीज मिळाली, तेव्हा पात्रता फेरीत तो व्हाल्टेरी बोटासच्या ०.०२६ सेकंद मागे होता. अर्थात तो मर्सिडीजच्याच तालमीतला, ही गोष्ट मोठी. ज्याच्या पाठीशी असं घराणं नाही, त्यानं मधल्या फळीतलं तिसरं वर्ष संपायच्या आत दुसऱ्या संघांशी बोलणी सुरू केलेली असावीत. सही मात्र घाईनं करू नये.