ऑनलाइन सेल्स टॅक्समुळे अमेरिकेतले नाणेसंग्राहक खरंच कमी खर्च करतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: नुकताच न्यू जर्सीत राहायला आलोय, जुनी नाणी जमवायचा नाद आहे, ऑनलाइन घेतलेल्या प्रत्येक नाण्यावर सेल्स टॅक्स लागतो. त्यामुळे इथल्या संग्राहकांनी हात आखडता घेतलाय का, आणि आपण काय करावं?

मीही न्यू जर्सीतच राहतो आणि बरीच वर्षं नाणी जमवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या पाहण्यात तरी संग्राहकाच्या खिशातून वर्षाकाठी जाणारी रक्कम फारशी कमी झालेली नाही. ज्याने छंदासाठी महिन्याला अमुक पैसे बाजूला काढायचे ठरवलेत, तो तेवढे काढतोच. फरक पडलाय तो त्या पैशात काय हाती लागतं यात. आणि त्याहून जास्त फरक पडलाय तो हातातलं नाणं देऊन त्याहून चांगलं घेण्याच्या व्यवहारात. छंदाला खरा मार तिथे बसलाय आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1992 च्या क्विल विरुद्ध नॉर्थ डकोटा या निकालानुसार नियम असा होता की, विक्रेत्याचं दुकान, गोदाम किंवा माणसं तुमच्या राज्यात नसतील तर ते राज्य त्याला सेल्स टॅक्स वसूल करायला लावू शकत नाही. ओहायोतल्या डीलरकडून न्यू जर्सीत नाणं मागवलं की बिलात टॅक्स नसायचा. कायद्याने तो तेव्हाही माफ नव्हता. खरेदीदाराने स्वतःहून ‘यूज टॅक्स’ म्हणून भरायचा असे, पण भरणारे अगदी थोडे. 21 जून 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर खटल्यात 5 विरुद्ध 4 अशा बहुमताने जुना नियम मोडीत काढला. साउथ डकोटाच्या कायद्यातली मर्यादा होती राज्यात वर्षाला 1,00,000 डॉलरची विक्री किंवा 200 व्यवहार. म्हणजे छोटे विक्रेते वाचायला हवे होते. पण पाठोपाठ एकेका राज्याने टॅक्स वसुलीची जबाबदारी थेट मार्केटप्लेसवर, म्हणजे ईबेसारख्या अनेकांचा माल विकणाऱ्या साइटवर टाकली. न्यू जर्सीत हा कायदा 1 नोव्हेंबर 2018 पासून आहे आणि शेवटचं राज्य, मिसुरी, 1 जानेवारी 2023 ला आलं. त्यामुळे आज एखाद्या निवृत्त गृहस्थाने आपल्या कपाटातलं एकच नाणं अशा साइटवर विकलं तरी टॅक्स लागतो. विक्रेता लहान असला तरी कायद्याच्या लेखी वसुली करणारी साइट मोठी आहे.

आता खर्चाचं. लिलावात बोली लावणारा प्रत्येक मुरलेला संग्राहक उलटं गणित करतो: दारात पोचेपर्यंत एकूण किती पडेल? समजा, एखाद्या नाण्यासाठी सगळं धरून 250 डॉलरच्या वर जायचं नाही असं तुम्ही ठरवलंय. लिलाव कंपनीचा बायर्स प्रीमियम (बोलीवर खरेदीदाराकडून घेतात ती जादा रक्कम) 20 टक्के, टपालखर्च 10 डॉलर. टॅक्स नसता तर तुम्ही 200 पर्यंत बोली लावली असती. न्यू जर्सीचा दर 6.625 टक्के आहे, तो प्रीमियमवरही लागतो आणि टपालखर्चावरही. त्यामुळे तुमची बोली 187 डॉलरवर थांबते. तुमचा खर्च 250 चा 250 च राहिला. कमी मिळाले ते विकणाऱ्याला.

पण हे गणित सगळ्यांचं एकसारखं नसतं. ऑरेगन, मॉन्टाना, न्यू हॅम्पशायर आणि डेलावेअर या राज्यांत सेल्स टॅक्सच नाही. टेक्ससमध्ये आहे, पण 2013 पासून नाण्यांना पूर्ण सूट आहे. तिथला बोलीदार त्याच 250 मध्ये 200 पर्यंत जातो आणि नाणं त्याच्याकडे जातं. एरवी आपण दोघांनी सारखीच किंमत मनात धरलेली असते. जिथे दोनच गरजू बोलीदार उरलेत अशा नाण्यांत हे मला वारंवार दिसतं. शेवटच्या टप्प्यात कोण टिकणार हे बऱ्याचदा पत्त्यातल्या राज्यावर ठरतं.

यावर अभ्यासही झालेत, वेफेअरच्या आधीचे, पण प्रश्न तोच. 2014 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये ईबेच्या आकडेवारीवरचा एक शोधनिबंध आला. राज्याचा सेल्स टॅक्स एक टक्क्याने वाढला (म्हणजे 6 टक्क्यांचा 7 झाला) की तिथल्या लोकांची एकूण ऑनलाइन खरेदी जवळजवळ 2 टक्क्यांनी वाढते आणि स्वतःच्याच राज्यातल्या ऑनलाइन विक्रेत्यांकडची खरेदी 3 ते 4 टक्क्यांनी घटते, असं त्यात दिसलं. माणसं खरेदी सोडून देत नाहीत, टॅक्स चुकेल तिकडे वळतात. 2018 मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासाने ॲमेझॉनने टॅक्स घ्यायला सुरुवात केलेली राज्यं तपासली. तिथल्या कुटुंबांची ॲमेझॉनवरची खरेदी 9.4 टक्क्यांनी घटली, मोठ्या रकमेच्या वस्तूंची तर 29.1 टक्क्यांनी. मोठ्या रकमेला माणूस थबकतो हे आपल्या छंदालाही लागू आहे. पण टीव्ही किंवा मिक्सर दुसऱ्या दुकानात मिळतो, नाण्याचं तसं नाही. 1916 च्या डेन्व्हर टांकसाळीचा मर्क्युरी डाइम, म्हणजे दहा सेंटचं चांदीचं नाणं घ्या. टांकसाळीने ते फक्त 2,64,000 पाडले. अल्बममधलं ते एक भोक रिकामं राहिलं की बाकी 1945 पर्यंतची सगळी ओळ भरलेली असूनही नजर तिथेच जाते. ते नाणं हवं असणारा माणूस टॅक्ससाठी छंद सोडत नाही. तो थांबतो, खालच्या दर्जाचं घेतो किंवा त्या वर्षी दुसरं काही घेत नाही.

टॅक्स टोचतो तो मधल्या गटाला. 12 डॉलरच्या नाण्यावर 80 सेंट लागले तर कुणी बघतही नाही, तिथे पाच डॉलरचं टपालच जास्त खुपतं. दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीत 1 जानेवारी 2025 पासून 1,000 डॉलरच्या वरच्या सोन्याचांदीच्या आणि गुंतवणुकीच्या नाण्यांच्या खरेदीला टॅक्स माफ झालाय. कॅलिफोर्नियातही अशीच मर्यादा आहे, ती 2023 मध्ये 1,500 वरून 2,000 डॉलर केली. म्हणजे पंधराशे डॉलरचं सोन्याचं नाणं घेणाऱ्याला शून्य आणि पगारातून महिन्याला तीनशे डॉलर बाजूला काढून एक चांगला चांदीचा रुपया घेणाऱ्याला पूर्ण दर. हे मला अन्यायाचं वाटतं. या छंदाचा कणा शाळा-कॉलेजापासून जमवत आलेला मध्यमवर्गीय माणूस आहे, आणि सूट त्यालाच नाही.

आता मुख्य मुद्दा. संग्रह एका खरेदीत होत नाही. आधी झिजलेलं नाणं घेतो, नंतर बरं मिळालं की पहिलं विकतो, मग त्याहून स्वच्छ. समजा, एकाच तारखेचं नाणं आधी 60 ला घेतलं, मग 150 चं, मग 400 चं. शेवटी अल्बममध्ये एकच नाणं उरलं, पण टॅक्स भरला 610 डॉलरवर, म्हणजे 40.41 डॉलर. एकदम 400 चं घेणाऱ्याने भरले 26.50. शिवाय तुम्ही विकलेली आधीची दोन्ही नाणी ज्यांनी ऑनलाइन घेतली त्यांनी त्यावर पुन्हा पूर्ण किमतीवर टॅक्स भरला. विकताना साइटचं तेरा टक्क्यांच्या आसपासचं कमिशन गेलं ते वेगळंच. त्यामुळे 2019 नंतर माझ्या ओळखीतल्या लोकांचा सूर बदललाय. पूर्वी ‘आत्ता हे घेऊन ठेवू, पुढे बदलू’ म्हणायचे, आता ‘थांबू, एकदाच चांगलं घेऊ’ म्हणतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याला हे शक्य नसतं. तो हाताळून, चुकून, बदलूनच शिकतो आणि प्रत्येक बदलाला टोल भरतो.

भारतात जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला केंद्रीय जीएसटी नियमावलीच्या नियम 32(5) खाली फक्त खरेदी-विक्रीच्या फरकावर कर भरायची सोय आहे. ब्रिटनमध्येही मार्जिन स्कीम आहे. अमेरिकेच्या सेल्स टॅक्समध्ये तसं काही नाही. वस्तू कितीव्यांदा विकली जातेय याला महत्त्व नाही, दर वेळी पूर्ण किंमत धरतात. शंभर डॉलरचं नाणं ऑनलाइन न्यू जर्सीतल्याच पाच हातांतून गेलं की त्यावर 33 डॉलर कर गोळा झालेला असतो, नाणं तेच.

मराठी संग्राहकाला हे जरा जास्त लागतं. इथे शिवराई गोळा करणारी आपली माणसं आहेत. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांची कड. बहुतेक वेळा कड अर्धीच उमटलेली, आणि अक्षरं बोटाने चाचपून वाचावी लागतात इतकं तांबं झिजलेलं. साधी, नंतरच्या काळातली दुदांडी शिवराई ‘जुनी भारतीय तांब्याची नाणी’ अशा मिसळ लॉटमध्येही सापडते, पण स्पष्ट अक्षरांच्या जुन्या शिवराईसाठी बोली चढते. भारतातून ही नाणी मागवता येत नाहीत. पुरावशेष आणि कलानिधी कायदा, 1972 नुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावशेष ठरतात आणि खाजगी माणसाला त्यांची निर्यात करता येत नाही. कुणी ‘पाठवतो, काही होत नाही’ म्हणालं तरी कृपा करून घेऊ नका. म्हणजे आपल्याला उरतो तो पूर्वीच देशाबाहेर आलेला साठा. तीच नाणी त्याच थोड्या लोकांत फिरत राहतात आणि ऑनलाइन फिरली की प्रत्येक फेरीला टॅक्स.

मग करायचं काय? कायद्यातच दोन वाटा आहेत आणि दोन्ही जुन्या पद्धतीच्या आहेत.

पहिली म्हणजे डीलरकडे अदलाबदल. न्यू जर्सीत त्याच प्रकारची वस्तू डीलरने पुढे विकण्यासाठी मोबदल्याचा भाग म्हणून घेतली आणि ती रक्कम बिलावर वेगळी दाखवली, तर टॅक्स उरलेल्या फरकावरच लागतो. 400 डॉलरचं नाणं घेताना तुमची जुनी नाणी 120 ला लावली तर टॅक्स 280 वर, म्हणजे 26.50 ऐवजी 18.55. डीलर जुन्या नाण्याला ऑनलाइनपेक्षा कमी भाव देईल हे खरं, पण कमिशन, टपाल आणि टॅक्स तिन्ही वजा करून बघा, बऱ्याचदा हिशोब जुळतो. मी स्वतः बदलाचे व्यवहार आता असेच करतो. शिवाय नाणं हातात घेऊन, भिंगाखाली कड बघून घेता येतं, जे फोटोवरून कधीच नीट कळत नाही.

दुसरी वाट म्हणजे संग्राहकाकडून संग्राहकाने थेट घेणं. जो धंदा म्हणून विकत नाही त्याची तुरळक विक्री न्यू जर्सीत टॅक्समुक्त आहे (गाड्या आणि बोटी सोडून). तेच नाणं तोच माणूस मार्केटप्लेसवर लावतो तेव्हा टॅक्स लागतो, क्लबच्या बैठकीत टेबलावर ठेवतो तेव्हा लागत नाही. म्हणून जवळचा कॉइन क्लब शोधा. वर्गणी किरकोळ असते आणि तिथल्या म्हाताऱ्या सभासदांकडून जे शिकायला मिळतं ते कुठल्याही साइटवर नाही. कॉइन शोमध्ये मात्र टेबल लावून बसलेले बहुतेक जण धंदेवाईक डीलर असतात, त्यांना टॅक्स घ्यावाच लागतो. ‘रोख द्या, टॅक्स सोडतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. पुढे विमा किंवा विक्रीसाठी पावती लागते, तेव्हा ती नसते.

डेलावेअरमधल्या मित्राच्या पत्त्यावर मागवायचा सल्लाही कुणीतरी देईलच. वस्तू न्यू जर्सीत आणून ठेवलीत की यूज टॅक्स लागतोच, आणि एनजे-1040 या राज्याच्या आयकर फॉर्मवर त्यासाठी वेगळी ओळ आहे. तिथे सही तुमची असते. टॅक्स न भरता माल घेऊ देणारं रीसेल सर्टिफिकेटही पुढे विकण्यासाठी माल घेणाऱ्यासाठीच असतं, स्वतःच्या अल्बमसाठी ते वापरणं म्हणजे खोटं प्रमाणपत्र देणं.

महिन्याची रक्कम ठरवताना टॅक्स धरूनच ठरवा, आणि बोली लावण्याआधी ठरवलेल्या खर्चातून टॅक्स, प्रीमियम, टपाल वजा जाता नाण्याला किती उरतात ते लिहून ठेवा. अदलाबदल केलीत तर तुमच्या जुन्या नाण्यांची रक्कम बिलावर स्वतंत्र ओळीत आलीय ना, ते दुकानातून निघण्याआधी बघा. ती ओळ नसेल तर सूट मिळत नाही.