धबधब्याकडे बराच वेळ पाहिल्यावर शेजारचा खडक वर सरकतोय असं का वाटतं?

मेंदूत दिशा वाटून घेतलेल्या चेतापेशी असतात. काही खाली जाणाऱ्या हालचालीला जोरात प्रतिसाद देतात, काही वर जाणाऱ्या. समोर काहीच हलत नसलं तरी दोन्ही गट थोडेफार चालूच असतात. पारडी समान, म्हणजे दृश्य स्थिर. मिनिटभर पडतं पाणी पाहिलं की ‘खाली’वाला गट मंदावतो. मग खडकाकडे नजर वळवली की ‘वर’चं पारडं जड.

गंमत म्हणजे खडक सरकताना दिसतो, पण जागा सोडत नाही! हालचाल आणि जागा यांचा हिशेब मेंदू बराचसा वेगळा ठेवतो, त्याचा हा परिणाम.

स्कॉटलंडच्या फॉयर्स धबधब्यापाशी रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३४ मध्ये हेच टिपलं. त्यांनी मात्र डोळ्यांच्या नकळत होणाऱ्या हालचालींना दोष दिला होता.